मंगळवारी मत कोण देतं? अमेरिकेतले अध्यक्षपदाचे उमेदवार आणि मतदानाचा टक्का

सरोवरकाठ

२०२४ च्या ५ नोव्हेंबरला मी मिलवॉकीजवळच्या एका उपनगरात मतदान केंद्रावर काम केलं. सकाळी सहाला हजर, सातला दार उघडायचं, रात्री आठला बंद. माझे बाबा सांगलीकडे प्राथमिक शिक्षक होते, त्यांना दर निवडणुकीला ड्यूटी लागायची. आदल्या दिवशी एसटीने साहित्य घेऊन निघायचे, दुसऱ्या दिवशी मध्यरात्री परतायचे, आणि कितीही उशीर झाला तरी आंघोळ करून मगच जेवायचे. २०१९ मध्ये मला इथलं नागरिकत्व मिळालं तेव्हापासून मनात होतं की हे काम एकदा आपणही करायचं.

विस्कॉन्सिनमध्ये मतदार येतो, स्वतःचं नाव आणि पत्ता मोठ्याने सांगतो, फोटो असलेलं ओळखपत्र दाखवतो, यादीत सही करतो. मग त्याला क्रमांकाची चिठ्ठी आणि दोन कर्मचाऱ्यांच्या आद्याक्षरांची मतपत्रिका मिळते. पेनने लंबगोल काळे करायचे आणि कागद यंत्रात सरकवायचा. बोटाला शाई नाही, एक स्टिकर मिळतो.

मला बसवलं होतं नोंदणीच्या टेबलावर. आमच्या राज्यात मतदानाच्या दिवशीही नाव नोंदवता येतं, १९७६ पासून. दिवसभर माणसं येत होती. नुकतं घर बदललेली, कारखान्यातली पाळी संपवून आलेली, कडेवर मूल घेतलेली, पहिल्यांदाच मत देणारी. संध्याकाळी साडेसातला विशीतला एक मुलगा आला. घर बदलून दोन महिने झालेले, बँकेच्या ॲपवर जुनाच पत्ता, वीजबिल घरातल्या दुसऱ्याच्या नावावर. त्याला मी म्हटलं, भाडेकरार चालेल, आठच्या आत रांगेत ये. तो धावत बाहेर गेला.

इतकी वर्षं मी पण म्हणायचे की अमेरिकन लोकांना मतदानाचं काही पडलेलं नाही. २०२० मध्ये पात्र मतदारांपैकी ६६ टक्क्यांहून थोड्या जास्त लोकांनी मत दिलं, तर तो १९०० नंतरचा उच्चांक ठरला! २०२४ मध्ये ६४ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ९ कोटींच्या घरात माणसं मत न देता राहिली आणि निवडून आलेल्या ट्रम्प यांना ७ कोटी ७३ लाख मतं होती. मत न देणाऱ्यांची संख्या विजेत्याच्या मतांहून मोठी. त्या टेबलावर तेरा तास बसल्यावर मात्र 'पडलेलं नाही' हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मला वाटतं, कोणी मत द्यायला यायचं आणि कोणी घरी राहायचं, यातलं बरंचसं निवडणुकीच्या मांडणीतच आधी ठरलेलं असतं, आणि उमेदवारही त्या मांडणीच्याच मागे धावतात. इथल्या आणि तिकडच्या सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं आहे.

हिशेबनीस

धागा आवडला, ताई. पुढे तुलना होणारच, म्हणून सुरुवातीलाच एक हिशेब मांडतो.

आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेचा टक्का ६६ च्या आसपास सांगितला जातो. तो मतदारयादीत नाव असलेल्यांपैकी. साधारण ९७ कोटी नावं, त्यातल्या ६४ कोटींहून अधिक लोकांनी मत दिलं. ज्याचं नावच यादीत नाही तो या हिशेबात धरलेलाच नसतो. अमेरिकेत अभ्यासक जो ६४ किंवा ६६ टक्के सांगतात तो सगळ्या पात्र नागरिकांपैकी, नाव नोंदवलेलं असो वा नसो. भागाकारातला खालचा आकडाच वेगळा आहे.

तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीप्रमाणे २०२० मध्ये प्रौढ नागरिकांपैकी ७२.७ टक्के लोकांनी नोंदणी केल्याचं आणि ६६.८ टक्के लोकांनी मत दिल्याचं सांगितलं. म्हणजे नोंदणी केलेल्या शंभरातले जवळपास ब्याण्णव जण मत देऊन आले. आपल्या पद्धतीने मोजलं तर अमेरिकेचा टक्का नव्वदीच्या पुढे जाईल. लोक स्वतः सांगतात तेव्हा आकडा थोडा फुगतो हे मान्य करूनही फरक मोठाच राहतो.

म्हणून माझा मुद्दा असा की गळती मतदानाच्या दिवशी कमी आणि त्याच्या कितीतरी आधी, नाव नोंदवण्याच्या पायरीवर जास्त आहे. आपल्याकडे मतदारयादीचं काम करणारा कर्मचारी, बीएलओ, दारात येतो. तिथे ही जबाबदारी नागरिकाची.

टेक्सासकरीण

हिशेबनीस, तुम्ही आकड्यात सांगितलंत ते मी भोगलं आहे. २०२० च्या ऑगस्टमध्ये आम्ही घर बदललं आणि त्यासोबत काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, तीही बदलली. मला वाटलं, परवान्यावरचा पत्ता बदलला की नाव आपोआप तिकडे जाईल. नोंदणी नव्याने करावी लागते हे कळलं तेव्हा १० ऑक्टोबर उजाडला होता. टेक्सासमध्ये मतदानाच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते, त्या वर्षी ५ ऑक्टोबरला झाली होती. ज्या वर्षी देशात शंभर वर्षांतलं सर्वाधिक मतदान झालं, त्या वर्षी मी, दोन पदव्या घेतलेली बाई, घरात बसून टीव्ही बघत होते. अजून लागतं ते मनाला.

माझं राहू दे, मला निदान गाडी आहे, इंग्रजी येतं. इथे दुसऱ्याचा नोंदणी अर्ज गोळा करायचा तर आधी काउंटीकडून तशी नेमणूक घ्यावी लागते. टपालाने मत द्यायचं तर वय ६५ किंवा त्याहून जास्त हवं किंवा आजारपण, परगावी असणं अशी ठरावीक कारणं हवीत. २०२० मध्ये राज्यपालांच्या आदेशाने टपाली मतपत्रिका हातोहात देण्याची जागा प्रत्येक काउंटीत एकच राहिली. ह्यूस्टन ज्या हॅरिस काउंटीत आहे तिची लोकवस्ती ४७ लाख. तिथेही एकच.

सरोवरकाठ, तो मुलगा परत आला का? तुम्ही मध्येच सोडलंत.

जुन्या नोंदी

मंगळवारचा उल्लेख शीर्षकात आहे, पण त्याबद्दल कोणीच बोललं नाही. १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार ठरला. तेव्हाचा मतदार शेतकरी. रविवारी चर्च, बुधवारी बऱ्याच ठिकाणी बाजार, आणि काउंटीच्या गावी घोडागाडीने पोचायला एक दिवस. नोव्हेंबरात सुगी आटोपलेली, रस्ते अजून बर्फाने बंद झालेले नाहीत. सगळा विचार मतदाराच्या सोयीचाच होता. तो शेतकरी गेला, त्याचा वार तेवढा राहिला. देशभर सुट्टी नाही. आपल्याकडे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ ब खाली मतदानाची भरपगारी सुट्टी द्यावी लागते, तसं काही तिथे संघराज्याच्या कायद्यात नाही.

आता इतिहासातली एक गोष्ट, जी कळल्यावर मी बराच वेळ विचार करत होतो. १८७६ मध्ये अमेरिकेत मतदान ८० टक्क्यांच्या वर होतं. पक्षच आपापल्या मतपत्रिका छापायचे, कोणी कुठली टाकली ते लांबूनही कळायचं. मिरवणुका, बँड, मशाली. त्यानंतर ५० वर्षांत टक्का ५० च्या खाली आला. १९२० आणि १९२४ दोन्ही वेळा अर्ध्याहून कमी. १९२० ला स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला आणि पहिल्या खेपेला अनेक जणी आल्या नाहीत, हे त्याचं एक कारण. पण उतार त्याच्या कितीतरी आधी लागला होता.

१८९० ची मिसिसिपीची राज्यघटना वाचा. दोन डॉलरचा मतकर, आणि राज्यघटनेतलं कलम वाचून किंवा ऐकून त्याचा 'योग्य' अर्थ सांगायची अट. योग्य काय ते गोरा अधिकारी ठरवणार. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना दिलेलं मत असं दक्षिणेत राज्याराज्यांतून काढून घेतलं गेलं, आणि सोबत गरीब गोरेही गळले. १९६५ पर्यंत मिसिसिपीत नोंदणी झालेले कृष्णवर्णीय होते ६.७ टक्के. त्या वर्षी ७ मार्चला अलाबामातल्या सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर मताधिकारासाठी निघालेल्या मोर्चेकऱ्यांची डोकी पोलिसांच्या माराने फुटली, ६ ऑगस्टला मताधिकार कायद्यावर सही झाली, आणि १९६७ पर्यंत हाच आकडा ५९.८ वर गेला.

दोन वर्षांत ६.७ वरून ५९.८. माणसं तीच, गावं तीच. म्हणून धागाकर्तीच्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

डेट्रॉईटकर

जुन्या नोंदी, माहिती अप्रतिम. पण इथे सगळेच मांडणी मांडणी म्हणताहेत, उमेदवाराला कोणी जबाबदारच धरत नाही. मी असहमत.

सरोवरकाठ यांच्याच राज्याचं उदाहरण घेतो. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन उमेदवारी मिळाल्यापासून मतदानापर्यंत एकदाही विस्कॉन्सिनला गेल्या नाहीत. मिलवॉकी शहरात २०१२ च्या तुलनेत सुमारे ४० हजार मतं कमी पडली. त्या राज्य हरल्या २२,७४८ मतांनी. नियम कुठलेही असोत, घरी बसलेल्या माणसाला उठवायचं काम उमेदवाराचं आहे. २००८ ला ओबामांनी उठवलं होतंच की.

आणि आमच्या मिशिगनचं सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, बायडन यांच्यासमोर दमदार विरोधक नव्हता. तरी गाझाच्या प्रश्नावर संतापलेले लोक मतदानाला गेले आणि एक लाखाहून जास्त मतदारांनी 'कोणालाही बांधील नाही' हा पर्याय निवडला. मी डिअरबॉर्नजवळ राहतो, तेव्हा शेजारीपाजारी दुसरा विषय नव्हता. नोव्हेंबरात डिअरबॉर्नमध्ये ट्रम्प पहिले, डेमोक्रॅटिक उमेदवार कमला हॅरिस दुसऱ्या, आणि ग्रीन पक्षाच्या जिल स्टाइन यांना १८ टक्क्यांच्या आसपास. ही माणसं उदासीन नव्हती. त्यांच्या मनातलं बोलणारा उमेदवार दोन मोठ्या पक्षांत त्यांना सापडला नाही.

हिशेबनीस

डेट्रॉईटकर, २०१६ च्या मिलवॉकीबद्दल एक राहिलं. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत विस्कॉन्सिनचा फोटो ओळखपत्राचा नियम पहिल्यांदा लागू झाला तो त्याच वर्षी. २०१२ ला नव्हता. आता ४० हजारांतले किती जण उमेदवारामुळे घरी राहिले आणि किती कागदामुळे, हे कसं वेगळं करणार? ओबामा मतपत्रिकेवर नव्हते हे तिसरं कारण. तिन्ही एकाच वेळी घडली. एकाच कारणावर बोट ठेवणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही, मग ते बोट कुठल्याही दिशेचं असो.

पॅसिफिककर

मी कॅलिफोर्नियात बावीस वर्षं आहे. आमच्याकडे सगळं सोपं आहे. नोंदणी केलेल्या प्रत्येकाला मतपत्रिका घरपोच येते, जाड माहितीपुस्तिका येते, टपालखर्चही भरावा लागत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर चहा पीत आम्ही दोघं मत देतो. न्यायाधीश, शाळा मंडळ, पाणीपुरवठा मंडळ, दहा-बारा प्रस्ताव, सगळ्यांवर. त्यात तास-दीड तास जातो. आणि सगळ्यात वर जे अध्यक्षपद, तिथे टिंब भरताना हाताला काही जाणवत नाही. निकाल ठाऊक असतो. २०१६ मध्ये आमच्या राज्यात क्लिंटन ४२ लाखांहून अधिक मतांनी पुढे होत्या. देशभरात २८ लाखांहून अधिक मतांनी पुढे. आणि हरल्या, कारण विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आत मतं कमी पडली.

अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांचे मिळून ५३८ निर्वाचक, २७० ला बहुमत, आणि मेन व नेब्रास्का सोडून सगळीकडे जो पहिला त्याला राज्याचे सगळे निर्वाचक. हे सगळं ठरलं घटनेच्या वेळी आणि पुढे राज्याराज्यांत, त्याची किंमत आज आम्ही देतो. २०२४ मध्ये सात राज्यांत निवडणूक झाली असं म्हटलं तरी चालेल. पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलिना, ॲरिझोना, नेवाडा. उमेदवार आमच्याकडे येतात ते देणग्यांच्या जेवणाला. माझ्या मुलाने पहिलं मत दिलं तेव्हा विचारलं, बाबा, हे मोजतात ना नक्की? मोजतात, आठवडे लावून मोजतात. पण त्याच्या प्रश्नात जो प्रश्न होता त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सरोवरकाठ

पॅसिफिककर, तुमचं वाचून मला आमच्याकडचा १ नोव्हेंबरचा शुक्रवार आठवला. मतदानाला चार दिवस होते. ट्रम्प यांची सभा मिलवॉकीच्या मध्यवस्तीतल्या बास्केटबॉलच्या मैदानात, आणि त्याच संध्याकाळी हॅरिस यांची सभा काही मैलांवर वेस्ट ॲलिसच्या जत्रेच्या मैदानात. दोघंही आमच्या दारात! त्या महिन्यात माझ्या दारावर किती वेळा टकटक झाली त्याची गणती नाही. टपालपेटीत रोज चार-पाच पत्रकं. एकदा मिनेसोटाहून गाडी चालवत आलेल्या एक आजी होत्या, सत्तरी ओलांडलेल्या. त्यांना पाणी दिलं.

गेल्या सात निवडणुकांतल्या पाच वेळा विस्कॉन्सिनचा निकाल एक टक्क्याच्या आत लागला. २००० ला ५,७०८ मतं. २००४ ला ११,३८४. २०१६ चं वर आलंच आहे. २०२० ला २०,६८२ आणि २०२४ ला २९,३९७. इथे आपल्या मताला वजन आहे हे लहान मुलालाही माहीत असतं, आणि टक्का देशात वरच्या दोन-तीन राज्यांत असतो, २०२४ मध्ये पाऊणशेच्या वर. डेट्रॉईटकर, उमेदवार माणसाला उठवतो हे मला मान्य आहे. पण तो येतो कुठे? जिथे उठवल्याचा उपयोग आहे तिथे. तुमच्याकडे आणि माझ्याकडे. म्हणून या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत.

जुन्या नोंदी

उलट बाजूचं उदाहरण हवाई. २०२० पासून तिथे सगळ्या मतदारांना मतपत्रिका घरी येते, आणि मतदानाच्या दिवशीही नोंदणी होते. तरी २०२४ मध्ये टक्का ५० च्या आसपास, देशात तळाला. पूर्व किनाऱ्यापेक्षा घड्याळ पाच तास मागे. तिथली माणसं कामावरून सुटतात तेव्हा पूर्वेकडचे निकाल लागू लागलेले असतात, आणि राज्य कुठे जाणार याबद्दल शंका नसतेच. सोय पुरेशी नाही, मताला वजनही हवं, हे यातून दिसतं. म्हणजे मी आधी जे ठामपणे म्हटलं त्याला थोडी मुरड घालतो.

लातूरचा मास्तर

चर्चा मन लावून वाचतोय. डेट्रॉईटकरांच्या 'कोणालाही बांधील नाही' वरून सांगावंसं वाटलं. २०१९ च्या विधानसभेत आमच्या लातूर ग्रामीणमध्ये नोटा दुसऱ्या क्रमांकावर होता. २७,५०० मतं. एवढी माणसं उन्हात उभी राहिली, आत गेली आणि शेवटचं बटण दाबून आली. त्यांना उदासीन कसं म्हणणार? घरी राहिलेला आणि नोटा दाबून आलेला यांच्यात फरक आहे, आणि तो फरक नोंदवायची सोय आपल्याकडे २०१३ पासून आहे. अमेरिकेत अशी सोय आहे का कुठे?

पॅसिफिककर

आहे मास्तर, आमच्या शेजारच्या नेवाडात. सगळ्या देशात त्या एकाच राज्यात, १९७० च्या दशकापासून. 'यांपैकी कोणीही नाही' असं मतपत्रिकेवर छापलेलं असतं. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत निकी हेली उभ्या होत्या, ट्रम्प त्या मतपत्रिकेवर नव्हते, ते पक्षाच्या कॉकसमध्ये, म्हणजे पक्षाने स्वतः घेतलेल्या सभांतल्या मतदानात, उतरले होते. हेलींना ३० टक्के, आणि 'यांपैकी कोणीही नाही'ला ६० च्या वर. त्यांच्यासमोर शर्यतीत टिकलेला मोठा उमेदवार नव्हता, तरी त्या दुसऱ्या आल्या.

दुसरी पिढी

मी न्यू जर्सीत जन्मले, मराठी शाळेत शिकले, चुका असतील तर सांगा. वय २१. २०२४ ला मी पहिल्यांदा मत दिलं.

माझ्या कॉलेजमधले अर्धे मित्र गेले नाहीत. सगळे म्हणतात तरुण आळशी आहेत. २०२० मध्ये १८ ते २४ वयात ५१ टक्के लोकांनी मत दिलं आणि ६५ ते ७४ मध्ये ७६ टक्के. पण आम्ही दरवर्षी खोली बदलतो. घरचा पत्ता एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात. टपाली मतपत्रिका आईकडे येते, आई फोन करते, मग ती मला पाठवते. काही राज्यांत कॉलेजचं ओळखपत्रही चालत नाही. टेक्सासमध्ये चालत नाही, पण बंदुकीच्या परवान्याचं कार्ड चालतं. माझी रूममेट तिथली आहे, तिला हे सांगताना रडू आलं होतं.

आणि उमेदवारांचं. आमच्या न्यू जर्सीची प्रायमरी जूनमध्ये असते. तोपर्यंत सगळं संपलेलं असतं. आयोवात १५ जानेवारीला रिपब्लिकन कॉकस झाला, शून्याखालची थंडी, सुमारे १ लाख १० हजार लोक आले. एवढ्या लोकांनंतर दोन-तीन उमेदवार शर्यतीतून बाहेर. जूनपर्यंत माझ्यासाठी निवडायला कोणी राहिलंच नाही. मग जुलैमध्ये बायडन बाजूला झाले आणि हॅरिस आल्या, त्यांच्यासाठी तर कोणत्याच राज्यात प्रायमरीचं मतदान झालं नव्हतं. मला त्या आवडत होत्या, आईसुद्धा खूष होती, त्यांची आई चेन्नईकडची म्हणून. तरी मला विचारलं गेलं असतं तर बरं वाटलं असतं.

डेट्रॉईटकर

बाळा, तुझं मराठी उत्तम आहे आणि मुद्दा त्याहून उत्तम. हेच मला म्हणायचं होतं, मी नीट मांडलं नाही. उमेदवार निवडणारे लोक आणि त्यांच्यातून एकाला मत देणारे लोक यांच्या संख्येतच जमीन-अस्मानाचा फरक आहे. खालच्या पातळीवर तर आणखी. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये आमच्या डेट्रॉईटमधून काँग्रेसवर, म्हणजे इथल्या संसदेवर गेले, मराठी मंडळात त्याचं कौतुक झालं. त्या जागेवर खरी लढत ऑगस्टच्या प्रायमरीतच होती, नऊ उमेदवार, आणि ते २८ टक्क्यांच्या आसपास मतांवर पुढे आले. नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. ऑगस्टमध्ये मतदानाला जायचं असतं हेच आमच्या ओळखीतल्या निम्म्या मराठी घरांना माहीत नव्हतं. मलाही २०१८ पर्यंत नव्हतं.

हिशेबनीस

तिसऱ्या उमेदवाराबद्दलही बोलायला हवं. १९९२ मध्ये रॉस पेरो यांना १८.९ टक्के मतं होती, जवळपास दोन कोटी, आणि निर्वाचक शून्य. त्या वर्षी मतदानाचा टक्का आधीच्यापेक्षा वाढला होता. १९९६ ला पुन्हा घसरून ५२ च्या आसपास आला. २००० मध्ये फ्लोरिडात राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं आणि बुश-गोर यांच्यात फरक ५३७ चा. त्यानंतर तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया, ही भीती लोकांच्या मनात पक्की बसली. उमेदवारांच्या वादसभांत उभं राहायला जनमत पाहण्यांत १५ टक्के पाठिंबा लागतो, आणि वादसभेत दिसल्याशिवाय १५ टक्के मिळत नाहीत. पेरोंनंतर कोणी तिथवर पोचलेलं नाही.

सरोवरकाठ

तिसऱ्या उमेदवारावरून, त्या दिवशी दोन-तीन जणांनी मला विचारलं, अपक्ष रॉबर्ट केनेडी ज्युनिअर तर ऑगस्टमध्येच बाजूला झाले, मग त्यांचं नाव कसं? त्यांनी नाव काढायची मागणी केली होती, पण आमच्या राज्यात ते कोर्टातूनही निघालं नाही. आम्हाला टेबलावर उमेदवारांबद्दल अवाक्षर बोलायची परवानगी नसते. मी फक्त मतपत्रिका जशी आहे तशी आहे एवढंच म्हणायचे.

टेक्सासकरीण

एक वेगळी गोष्ट लिहिते, कारण गेले दोन दिवस डोक्यात तीच आहे. १९२३ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगत सिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. ज्यांना नागरिकत्व मिळालेलं होतं त्यांतल्या अनेकांचं काढून घेतलं गेलं. १९४६ च्या कायद्याने ते दार उघडलं. ज्यांचा हा देश मुळात होता, त्या आदिवासींना १९२४ मध्ये नागरिकत्व मिळालं तरी ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोत १९४८ पर्यंत मत नव्हतं. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत माझी पणजी, जिला सही येत नव्हती, ती नऊवारी नेसून मत देऊन आली होती. घरात हे नेहमी सांगितलं जायचं, मला कधी त्यात विशेष वाटलं नाही. आता वाटतं.

२०२४ ला मी लवकर मतदानाच्या पहिल्याच दिवशी गेले. रांगेत पन्नास मिनिटं. मैत्रिणींच्या गटात ऑगस्टपासून दर रविवारी एकच निरोप टाकत होते, नोंदणी तपासा. आमच्या वसाहतीत अकरा मराठी घरं, त्यातल्या चार घरांत कोणाचं तरी नाव जुन्याच पत्त्यावर होतं. चारही दुरुस्त झाली.

आणि सरोवरकाठ, मी परत विचारते. तो मुलगा?

सरोवरकाठ

सांगते. आठला पाच मिनिटं कमी असताना आमच्या मुख्य बाईंनी एकाला दाराबाहेर रांगेच्या शेवटी उभं केलं. नियम असा की आठ वाजता जो रांगेत आहे त्याला मत देता येतं, त्यामुळे शेवट कुठे आहे हे कोणीतरी उभं राहून दाखवावं लागतं. रांगेत तेव्हा सातेक माणसं होती. मी टेबलावरून उठू शकत नव्हते, पण काचेतून पार्किंग दिसत होतं. पाऊस पडत होता.

आठला दोन मिनिटं असताना तो आला. भाडेकरार जाकिटाच्या आत, छातीशी धरलेला, कोपरे ओले. धाप लागलेली. त्याच्या मागे शेवट दाखवणारा आमचा माणूस सरकला आणि दार लागलं. मी अर्ज भरून घेतला. करारावरचा पत्ता, तारीख, त्याची सही, सगळं बरोबर होतं. परवाना जुन्या पत्त्याचा चालतो, फोटो आणि नाव जुळलं की झालं. त्याला विचारलं, आधी कधी मत दिलं होतंस? नाही म्हणाला.

मतपत्रिका यंत्रात सरकवून तो परत माझ्या टेबलाशी आला आणि विचारलं, एप्रिलमध्ये न्यायाधीशांची निवडणूक असते ना, तेव्हा पुन्हा हा कागद आणावा लागेल का? नाही लागणार, म्हटलं, आता तुझं नाव यादीत आहे.